कुसळेवाडीची बोट

कुसळेवाडीला बोट आली तेव्हा गावात पाण्याचा टँकर दोन दिवसांआड येत होता.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं हे गाव; सकाळी दहानंतर तिथं रस्त्यावर माणूस दिसत नाही. अशा उन्हात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फाटकाशी एक लांबलचक ट्रेलर येऊन थांबला. वर अठरा फुटी पांढरी बोट. तिला निळं छत, आत नारिंगी स्ट्रेचर आणि बारा लाइफ जॅकेटं. ड्रायव्हर खाली उतरला. त्यानं टँकरसाठी मांडलेल्या घागरींच्या रांगेकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, "हीच कुसळेवाडी न्हवं?"

भाऊसो कोळेकर औषधांच्या खिडकीतून उठून बाहेर आले. सरकारी भाषेत ते औषध निर्माण अधिकारी होते, गावाच्या भाषेत कंपाउंडर. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मुदत संपलेल्या गोळ्या उतरवून घेतल्या होत्या, भलत्याच केंद्राची खोकी घेतली होती, एकदा तर माणसांच्या लशीऐवजी कोंबड्यांची लस. बोट पहिल्यांदाच.

"चुकून आलीया," ते म्हणाले.

"चुकून कशी? शिक्का हाय," ड्रायव्हर म्हणाला आणि ट्रेलरचे पट्टे सोडायला लागला.

शिक्का खराच होता. मलकापूरच्या विभागीय आरोग्य नियोजन कक्षाचा. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांचा मिळून एकच पंचवार्षिक आराखडा करायचा म्हणून हा कक्ष दोन वर्षांपूर्वी सुरू झाला होता. फरशीच्या दुकानावरच्या मजल्यावर त्याचं ऑफिस होतं. आराखड्याचं तत्त्व पत्राच्या मथळ्यावरच छापलं होतं: 'जिथे गरज, तिथे सेवा'. खाली लिहिलं होतं की कुसळेवाडीची गरज संगणकीय पद्धतीनं निश्चित होऊन तिला एक जलरुग्णवाहिका मंजूर झाली आहे.

ती गरज भाऊसोंनीच लिहून पाठवली होती. डिसेंबरात कक्षाचा बावीस पानी फॉर्म आला होता. प्रश्न सतरावा: 'पाण्यामुळे सेवेत अडचण: आहे / नाही. असल्यास तीव्रता.' केंद्रातल्या बाळंतपणाच्या खोलीत नळाला थेंब नव्हता. भाऊसोंनी 'आहे'वर खूण केली आणि पुढं लिहिलं, 'अतितीव्र'.

त्यांनी मलकापूरला फोन लावला. कक्षाचे नियोजन अधिकारी वीरधवल साहेब शांत, सभ्य माणूस होते. कुणावर आवाज चढवायचे नाहीत.

"कोळेकर, सतराव्या प्रश्नाला 'अतितीव्र' कुणी लिहिलं?"

"मीच, साहेब."

"मग?"

"साहेब, पाणी न्हाई ही अडचण हाय. बोट लागंल एवढं पाणी असतं तर अडचणच कशाला लिवली असती?"

"पण पाणी आहे की नाही, हे प्रश्नात विचारलेलंच नाही. पाण्यामुळे अडचण आहे का, एवढंच विचारलंय. तुम्ही 'अतितीव्र' म्हणालात. दोन जिल्ह्यांत एवढी तीव्रता दुसऱ्या कुणाची नाही."

"मग परत घ्या ती."

"परत घ्यायची तरतूद आराखड्यात नाही. वाटपाची आहे." तिकडं पान उलटल्याचा आवाज आला. "आणि हो, दर महिन्याला वापराचा एक फोटो अपलोड करायचा. पाण्यासह."

बोट आवारातल्या लिंबाखाली ठेवली गेली. गावानं दोन दिवस हसून घेतलं. मेंढरं राखणारी रंगुबाई सत्तरीची म्हातारी, ती बोटीला फेरी मारून भाऊसोंना म्हणाली, "आरं, हिच्यात किती मेंढरं मावत्याल?" 

केंद्राच्या डॉक्टर संयोगिता आष्ट्याच्या. सरकारी सेवेच्या बाँडचं एक वर्ष भरायला आलेल्या. आधी त्या हसल्या, मग महिनाअखेर आली आणि फोटो न आल्याबद्दल लाल अक्षरांतला मेसेज आला तेव्हा त्यांचंही हसू गेलं. फोटो नसेल तर केंद्राच्या औषधांची पुढची मागणी सिस्टीम उघडतच नव्हती. मधुमेहाच्या गोळ्या संपत आल्या होत्या.

शेवटी भाऊसो रविराजकडे गेले. रविराजची डाळिंबाची बाग होती आणि बागेसाठी मोठं शेततळं. त्याच्या तळाला अंथरलेल्या प्लॅस्टिकला सगळे कागद म्हणतात, आणि त्या कागदावर घरातल्या माणसांपेक्षा रविराजचा जीव जास्त.

"कागदाला वरखडा जरी पडला न्हवं कंपाउंडर, तर बोट मी ठिवून घीन," त्यानं बजावलं.

दहा माणसांनी गोणपाटं अंथरून बोट तळ्यात सोडली. भाऊसो लाइफ जॅकेट घालून आत बसले. बोट हलली तसे त्यांनी डोळे मिटले, कारण त्यांना पोहता येत नव्हतं. एका शेतमजुराला स्ट्रेचरवर पेशंट म्हणून झोपवलं होतं, तो सारखा हसत होता. डॉक्टरांनी काठावरून फोटो काढला. संध्याकाळी मलकापूरहून उत्तर आलं: 'उत्कृष्ट. रुग्ण आनंदी दिसतो.' दुसऱ्या दिवशी गोळ्यांची मागणी उघडली.

भाऊसोंना त्याचं बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून रात्रभर वाईट वाटलं.

मे महिन्यात पारा बेचाळिसावर गेला. एका दुपारी रंगुबाईच्या सुनेनं आणि शेजाऱ्यानं म्हातारीला मोटरसायकलवर मधे धरून आणलं. माळावर मेंढरांमागं चालता चालता ती कोसळली होती. अंग तापलेल्या तव्यासारखं, घामाचा टिपूस नाही, तोंडानं असंबद्ध काहीतरी. थर्मामीटर एकशे सहा दाखवत होता. वीज गेलेली. लशींच्या फ्रिजमधले बर्फाचे पॅक डॉक्टरांनी काखेत, मानेखाली ठेवले, सलाईन लावलं, पण ताप हटेना.

"हिला पाण्यात ठेवायला पाहिजे," डॉक्टर म्हणाल्या. "गळ्यापर्यंत. टब, हौद, काहीही. आत्ताच्या आत्ता."

केंद्रात हौद नव्हता. भाऊसोंची नजर खिडकीतून लिंबाकडे गेली.

"मॅडम, बोटीच्या बुडाला बूच हाय. ते घट्ट हाय का बघतो."

टँकर नुकताच येऊन गेला होता आणि बाया भरलेल्या घागरी घेऊन घराकडे निघाल्या होत्या. भाऊसो रस्त्यावर धावत गेले. काय सांगितलं ते त्यांना नंतर आठवेना. पण बाया वळल्या. दोन दिवसांचं प्यायचं पाणी, एकेक घागर करत, बोटीत ओतलं गेलं. कुणी मोजलं नाही, कुणी विचारलं नाही. रंगुबाईला चौघींनी आत उतरवलं, डॉक्टर तिचं डोकं धरून बोटीतच बसल्या, भाऊसो पुठ्ठ्यानं वारा घालत राहिले.

पाऊण तासानं पारा एकशे दोनवर आला. म्हातारीनं डोळे उघडले. वर निळं छत, भोवती पाणी.

"भाऊसो," ती क्षीण आवाजात म्हणाली, "मला कुठं चालिवलंय रं?"

"कुठं न्हाई मावशी. हितंच हाय तुमी. दवाखान्यात."

त्या संध्याकाळी गावात चुली उशिरा पेटल्या, कारण पाणी शेजारच्या वस्तीवरून आणावं लागलं. भाऊसो ओल्या पँटनं केंद्राच्या पायरीवर बसले होते. डॉक्टर शेजारी येऊन बसल्या.

"आपल्याला खरं तर उष्माघाताची खोली मिळायला हवी होती," त्या म्हणाल्या. "आराखड्यात ती आहे. दोन मोठे कूलर, बर्फाचं मशीन, इन्व्हर्टर, थंड पाण्याचा टब. एकच संच होता दोन्ही जिल्ह्यांत."

"मग त्यो कुठं गेला?"

डॉक्टरांनी मोबाइलवर वाटपाची यादी उघडली. संच सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरच्या डोंगरांमागं, धरणाच्या पाण्याकाठच्या उंबरडोह नावाच्या उपकेंद्राला गेला होता. भाऊसो महाबळेश्वरला एकदा लग्नानंतर गेले होते. मे महिन्यात स्वेटर विकत घ्यावा लागला होता.

त्यांनी यादीतला नंबर लावला. फोन आरोग्य सेविका दीपमालानं उचलला. बावीस वर्षं तिची त्या एकाच खोऱ्यात गेली होती.

"हॅलो सिस्टर, मी कुसळेवाडीचा कंपाउंडर बोलतोय. तुमच्याकडं उष्माघाताची खोली आलीया म्हनं?"

"आलीय ना," तिकडून आवाज आला. "बर्फाचं मशीन खोक्यातच हाय. कूलर एकदा लावून बघितला, तर बाळंतिणीला हुडहुडी भरली. आता त्यावर मी टॉवेल वाळत घालते. तुमचं काय?"

"आमच्याकडं बोट आलीया."

तिकडं काहीतरी घाईनं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बोट?" दीपमालाचा आवाज बदलला होता. "केवढी हाय?"

मग तिनं सांगितलं. उंबरडोहापासून ग्रामीण रुग्णालय समोर दिसतं. पाण्यापलीकडं, साडेतीन किलोमीटर. रस्त्यानं जायचं तर घाट चढून, वळसा घालून एकसष्ट. उन्हाळ्यात पर्यटकांच्या लाँच चालतात, त्यात पेशंट बसवता येतो. पावसाळ्यात लाँच बंद आणि घाटात दरडी. मागच्या जुलैत एक बाई घाटातच गेली, जीपमध्ये. दीपमाला तिच्या शेजारी बसलेली होती.

"तिचं नाव घ्यायला मला अजून जमत न्हाई," ती म्हणाली.

"मग फॉर्मात तुमी बोट का मागितली न्हाई?"

"प्रश्न सतरावा," दीपमाला म्हणाली. "पाण्यामुळे अडचण आहे का. मला वाटलं, प्यायच्या पाण्याचं विचारतायत. हितं पाणी भरपूर. मी 'नाही' लिहिलं. आणि पुढं विचारलं होतं, रुग्णाला उघड्यावरून किती अंतर जावं लागतं. मी प्रामाणिकपणे एकसष्ट लिहिलं. संगणकाला वाटलं, सगळं उन्हातनंच."

दोघांनी आधी सरळ मार्गानं अर्ज केला. दोन केंद्रांतल्या साहित्याची अदलाबदल व्हावी, एवढी एकच ओळ. मलकापूरचं उत्तर दोन पानी होतं. आंतरजिल्हा हस्तांतरण म्हणजे आराखड्यात बदल. आराखडा पाच वर्षांचा. बदलांचा विचार मध्यावधी आढाव्यात, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस. तोवर दोन्ही केंद्रांनी साहित्याचा पर्याप्त वापर करावा.

"तिसऱ्या वर्षी," दीपमाला फोनवर म्हणाली. "हितली अपेक्षा नावाची पोर जुलैत बाळंत व्हायचीय. पहिलटकरीण हाय, अंगात रक्त कमी, पायाला सूज. मला भ्या वाटतंय, भाऊ."

अपेक्षा ही उंबरडोहच्या जोतीरामाची सून. नवरा मुंबईला कामाला. जोतीराम लष्करातून निवृत्त झालेला. इंजिनियर पलटणीत वीस वर्षं त्यानं फौजेच्या बोटी चालवल्या होत्या आणि आता पाण्याकाठी राहून त्याच्याकडं स्वतःची होडीही नव्हती.

युक्ती दीपमालाला सुचली. साहित्य दुसऱ्या जिल्ह्याला देता येत नाही, पण दुरुस्तीला कुठंही पाठवता येतं. नियमावलीत तसं स्पष्ट होतं. फक्त बिघाड लिहावा लागतो, आणि तो खरा हवा. भाऊसो आयुष्यात कधी खोटं लिहिणारे नव्हते; शेततळ्यानंतर तर मुळीच नाही. त्यांनी विचार करून बिघाडाच्या रकान्यात लिहिलं, 'सदर बोट कुसळेवाडी येथे पाण्यात चालत नाही.' डॉक्टर संयोगितांनी ते दोनदा वाचलं आणि गंभीर चेहऱ्यानं सही केली. तिकडं दीपमालानं लिहिलं, 'कूलर लावूनही खोलीच्या तापमानात फरक पडत नाही.' दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचं नाव दोन्ही कागदांवर एकच होतं: जोतीराम, माजी सैनिक.

जूनच्या मध्यावर, पाऊस लागायच्या आत, रविराजनं आपल्या पिकअपला ट्रेलर जोडला आणि भाऊसोंना शेजारी बसवून निघाला. वाटेत आष्ट्याला चहाला थांबले तर बोट बघायला निम्मा बाजार जमला. एकानं विचारलं, "पूर येणार हाय व्हय?" पुराचं नाव निघताच दोघं दुकानदार माल वरच्या फळीवर चढवायला लागले.

अदलाबदल मलकापूरला ठरली होती, कारण ते दोघांनाही मधलं. एवढी लांब गाडी उभी राहील अशी जागा हायवेच्या सर्व्हिस रोडला एकच सापडली. ट्रेलर लावून झाल्यावर भाऊसोंनी वर पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. समोर फरशीचं दुकान होतं. त्यावर कक्षाची पाटी.

तेवढ्यात स्ट्रॉबेरीच्या हंगामात फळं नेणारा एक टेम्पो येऊन थांबला. दीपमाला उतरली, ठेंगणी, सावळी, पन्नाशीकडं झुकलेली. मागून ताठ कण्याचा जोतीराम. त्यानं कुणाशी बोलायच्या आधी बोटीच्या बुडाखाली वाकून हात फिरवला, इंजिनाचं झाकण उघडलं, बंद केलं.

"चांगली हाय," तो म्हणाला. "हिला कुनी पान्यात घातलीच न्हाई का?"

"एकदा घातली हुती," भाऊसो म्हणाले आणि खोकी उतरवायला वळले.

खोकी अर्धी उतरवून झाली असतील तेव्हा वीरधवल साहेब चहासाठी जिना उतरून खाली आले. फोटोत बघितलेली बोट त्यांनी लगेच ओळखली. प्रत्यक्षात ते ती पहिल्यांदाच बघत होते. शेजारच्या टेम्पोतलं बर्फाचं मशीनही त्यांनी ओळखलं. चौघं जागच्या जागी उभे राहिले.

"कोळेकर," साहेब म्हणाले, "हे काय चाललंय?"

"दुरुस्ती, साहेब." भाऊसोंनी कागद पुढं केला.

साहेबांनी दोन्ही कागद नीट वाचले. बिघाडाच्या रकान्याशी ते जरा जास्त थांबले. मग दीपमाला बोलली. मागच्या जुलैतल्या घाटातल्या बाईचं, जिचं नाव ती घेत नव्हती, ते तिनं तिथं रस्त्यावर घेतलं. किती वाजता दरड लागली, किती वाजता बाई गेली, पोट कसं हातानं धरून ठेवलं होतं. ट्रक बाजूनं जात होते, म्हणून तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं.

वीरधवल साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नव्हते. ऑफिसातल्या भिंतीवर त्यांनी लावलेला नकाशा चार रंगांत होता आणि त्यातला प्रत्येक रंग त्यांनी स्वतः निवडला होता. पण उंबरडोह त्यावर अर्ध्या सेंटिमीटरचा ठिपका होता आणि पाणी फिकट निळं.

"कागद नियमात बसतात," ते शेवटी म्हणाले. "दुरुस्तीला मुदत नाही. मी काही पाहिलेलं नाही." ते चार पावलं गेले आणि परत आले. "फक्त फोटो येऊ द्या. डॅशबोर्ड लाल झाला तर मला वर उत्तर द्यावं लागतं."

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात उंबरडोहला सलग नवव्या दिवशी पाऊस पडत होता. दहाव्या दिवशी सकाळी अपेक्षाच्या पोटात कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आठवडाभर आधी. तिचं डोकं भयंकर दुखत होतं, डोळ्यांसमोर अंधारी येत होती. दीपमालानं रक्तदाब घेतला आणि मशीन पुन्हा लावलं. आकडा तोच आला. घाट दोन दिवसांपासून बंद होता.

"दादा, निघायचं," ती जोतीरामाला म्हणाली.

पाण्यावर धुकं इतकं दाट होतं की काठावरचं झाड दिसत नव्हतं. जोतीरामानं कंपास काढला. फौजेतून येताना आणलेली तेवढीच एक वस्तू. दीपमालानं झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं आणि स्ट्रेचरशेजारी गुडघे टेकून बसली. छतावर पाऊस इतका आदळत होता की अपेक्षाचं ओरडणं तिला फक्त तोंडाच्या हालचालीवरून कळत होतं.

अर्ध्या वाटेत इंजिन थांबलं. पाण्यात बुडालेल्या जुन्या झाडाचा फाटा पंख्यात अडकला होता. जोतीरामानं सदरा काढला, विळा दातात धरला आणि पाण्यात उतरला.

"बाबा!" अपेक्षा ओरडली. ते मात्र दोघांनाही ऐकू गेलं.

"हाय हितंच, पोरी. कळ काढ."

तो फाटा कापत असताना बाळाचं डोकं दिसायला लागलं. दीपमालानं काय केलं ते तिनं पुढं कधी कुणाला नीट सांगितलं नाही. नाळ बाळाच्या गळ्याभोवती होती एवढंच ती म्हणायची. जोतीराम बोटीच्या कडेला धरून वर आला तेव्हा मुलगी रडत होती, निळी पडलेली, मग हळूहळू लाल. त्यानं ओल्या हातांनी नातीला शिवायचं टाळलं आणि इंजिनाची दोरी ओढली. वीस मिनिटांत ते पलीकडं पोचले. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अपेक्षाला पाच दिवस ठेवून घेतलं. दोघी वाचल्या.

दीपमालानं प्रसूतीची नोंद ऑनलाइन भरली. ठिकाण: जलरुग्णवाहिका. सिस्टीमनं बोटीचा क्रमांक मागितला, तिनं दिला. सिस्टीमनं स्वतःहून पुढचा रकाना भरला: 'प्राथमिक आरोग्य केंद्र, कुसळेवाडी, जि. सांगली.' तो रकाना तिला खोडता येईना.

त्यामुळं सप्टेंबरात मलकापूरच्या एका मंगल कार्यालयात कक्षाचा वार्षिक गौरव सोहळा झाला, त्यात पहिलं नाव कुसळेवाडीचं होतं. दुष्काळी भागात जलरुग्णवाहिकेत यशस्वी प्रसूती केल्याबद्दल. दुसरं नाव उंबरडोहचं; संपूर्ण वर्षात उष्माघातानं एकही मृत्यू होऊ न दिल्याबद्दल. भाऊसो आणि दीपमाला पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसले होते. शाल, श्रीफळ, टाळ्या. भाऊसोंनी गप्प राहायचं ठरवलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि कूलरखाली त्या उन्हाळ्याच्या शेवटी तीन माणसं बरी झाली होती. त्यांना तेवढं पुरे होतं.

मग वीरधवल साहेब माइकवर आले आणि त्यांनी पुढचा टप्पा जाहीर केला. कुसळेवाडीचा प्रयोग यशस्वी झाल्यामुळं पूर्वेकडच्या आणखी चार गावांना बोटी. उंबरडोहच्या यशामुळं त्या खोऱ्यातल्या सगळ्या उपकेंद्रांना कूलर. पडद्यावर तक्ता हिरवागार झाला होता. साहेब तो वाचत होते, पण पहिल्या रांगेकडं बघत नव्हते.

भाऊसो उठले. शाल खांद्यावरून घसरली, ती त्यांनी उचलली नाही.

"साहेब, ते बाळ आमच्याकडं झालेलं न्हाई," ते म्हणाले. माइक नव्हता, तरी ऐकू गेलं. "बोट तिकडं हाय. उंबरडोहला. जूनपासनं. आमी अदलाबदल केली. आमच्याकडं बोटीत फकस्त एक म्हातारी बरी झाली, ती बी बोटीत पाणी भरल्यावर. त्या चार गावांस्नी बोटी देऊ नका. पोरं बुडून मरायला तिथं पाणी सुदिक न्हाई."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मुख्य पाहुणे असलेले मोठे साहेब मुंबईहून आले होते. त्यांनी विचारलं, "याला पुरावा काय?"

दीपमाला उठली. तिनं मोबाइल पुढं केला. फोटोत बोट होती, मागं धुक्यातले डोंगर, आणि चारी बाजूंनी पाणी. मोठ्या साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला. "हे शेततळं वाटत नाही," ते म्हणाले.

पुढं सगळं रीतसर झालं. भाऊसो आणि दीपमाला दोघांनाही कारणे दाखवा नोटीस आली. चौकशी अधिकारी आले, भाऊसोंनी सगळं खरं सांगितलं, शेततळ्याच्या फोटोसकट. वीरधवल साहेबांचं नाव दोघांनीही घेतलं नाही. ते साहेबांनी स्वतःच घेतलं. चौकशीत लेखी दिलं की अदलाबदल होताना मी हजर होतो, आणि त्याच कागदात पुढं असंही लिहिलं की सदर अदलाबदल हा कक्षाचा प्रायोगिक उपक्रम समजण्यात यावा. ही दुसरी ओळ वरच्यांना फार आवडली. नोव्हेंबरात सुधारित आदेश निघाला: बोट तत्काळ उंबरडोहला न्यावी, उष्माघाताचा संच तत्काळ कुसळेवाडीला न्यावा. दोन्ही केंद्रांनी त्याच दुपारी 'अंमलबजावणी झाली' असं कळवलं. विभागाच्या इतिहासात एवढ्या वेगानं कुठलाच आदेश अमलात आला नव्हता, म्हणून साहेबांना पुण्याच्या एका परिषदेत त्यावर बोलायला बोलावलं. पूर्वेच्या चार गावांच्या बोटी रद्द झाल्या. ताकिदीची पत्रं मात्र आधीच सही होऊन निघाली होती, त्यामुळं भाऊसो आणि दीपमाला यांच्या सेवापुस्तकात 'सक्त ताकीद' तशीच राहिली.

दिवाळीच्या सुट्टीत भाऊसो बायकोला घेऊन उंबरडोहला गेले. अपेक्षानं मुलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. मुलीचं नाव शिवांजली ठेवलं होतं. भाऊसोंनी तिच्या मुठीत बोट दिलं, तिनं ते सोडलं नाही. बायकोनं आणलेलं झबलं तिला मोठं झालं.

"चला, पाणी दाखवतो," जोतीराम म्हणाला.

भाऊसोंनी जॅकेट घातलं, दोनदा बंद तपासले आणि मधोमध बसले. दीपमालाही चढली. ती तशीही कामालाच निघाली होती. काठ मागं पडला तशी भाऊसोंनी कडेची दांडी दोन्ही हातांनी धरली.

"किती खोल हाय?"

"हितं सत्तर-ऐंशी फूट," जोतीराम म्हणाला. "खाली आमचं जुनं गाव हाय."

भाऊसो पाण्याकडं बघत राहिले. एवढं पाणी त्यांनी एका जागी कधी पाहिलं नव्हतं. पलीकडच्या वाडीच्या काठावर एक म्हातारा छत्री घेऊन उभा होता, हात हलवत होता. शुगर तपासायला आलेला. दीपमालानं पिशवी उघडली आणि रक्तदाबाचं मशीन भाऊसोंच्या हातात दिलं.

"धरा. मी रक्त घेते तोवर तुम्ही हे बघा."

भाऊसोंनी आधी दांडीवरचा एक हात सोडला, मग दुसरा.